एक की अनेक, हे फंक्शनला ताडायला लावू नये

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांसाठी जे सदर येते, ते मी पहिल्या भागापासून नेमाने वाचतो. अवघड विषय मराठीत, घाई न करता मांडला जातो, याबद्दल लेखकाचे मनापासून आभार. गेल्या भागातल्या एका सल्ल्याबद्दल मात्र तपशिलाने लिहिणे मला आवश्यक वाटले. सरासरी काढणारे एक फंक्शन (एक ठरावीक काम करणारा, नावाने बोलावता येणारा कोडचा तुकडा) दाखवून लेखकाने असे सुचवले होते की, त्याला एकच संख्या दिली तरी ते चालले पाहिजे आणि संख्यांची लिस्ट दिली तरी चालले पाहिजे. आत शिरताच काय आले आहे ते तपासावे, एकटे मूल्य असेल तर त्याची लिस्ट करून घ्यावी आणि पुढे जावे. नवशिक्याला हे सोयीचे वाटेल. मीही कित्येक वर्षे अशीच फंक्शन्स लिहीत होतो. इतर प्रोग्रॅमरांनी वापरायच्या लायब्रऱ्या लिहिणे हेच आता माझे रोजचे काम आहे आणि त्या अनुभवातून माझे मत नेमके उलटे झाले आहे. आपण एक मूल्य देत आहोत की अनेक, हे कॉल करणाऱ्याने, म्हणजे फंक्शन वापरणाऱ्याने, कोड लिहितानाच ठरवलेले असावे. प्रोग्रॅम चालू असताना हाती पडलेल्या डेटाकडे पाहून फंक्शनने ते ताडू नये.

आधी दुसरी बाजू मान्य करतो, कारण ती पोकळ नाही. पायथॉन या भाषेतली ‘स्टार्ट्सविथ’ ही मेथड (एखाद्या वस्तूशी जोडलेले फंक्शन) घ्या. एखादी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांचा मजकूर, अमुक अक्षरांनी सुरू होते का, हे ती सांगते. २००६ साली आलेल्या पायथॉन २.५ पासून तिला एका स्ट्रिंगऐवजी स्ट्रिंगांचे टपलही (लिस्टसारखाच, पण न बदलता येणारा मूल्यांचा गट) देता येते, आणि त्यातल्या कोणत्याही एकीने सुरुवात होत असेल तर उत्तर ‘खरे’ येते. तीन अटी ‘किंवा’ने जोडण्यापेक्षा हे कितीतरी स्वच्छ दिसते. पण या मेथडच्या कर्त्यांनी केवढी काळजी घेतली आहे, ते पाहण्यासारखे आहे. तिला टपल चालते, लिस्ट चालत नाही. लिस्ट दिली तर ती सरळ एरर देते. म्हणजे ‘जे फिरवता येईल ते सगळे अनेक’ असा ढिला नियम इथे नाही. स्ट्रिंग म्हणजे एक, टपल म्हणजे अनेक, बाकी सगळ्याला नकार. शिवाय काहीही दिले तरी उत्तर खरे-खोटे यांपैकी एकच येते. एकाला एक उत्तर आणि अनेकांना उत्तरांची लिस्ट, अशी भानगडच नाही. ही दोन पथ्ये पाळली तर सोय निरुपद्रवी राहते, आणि दुर्दैवाने तीच सहसा पाळली जात नाहीत.

माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. एका कामासाठी मी पायथॉनमध्ये नोंदी काढून टाकणारे फंक्शन लिहिले होते. त्याला क्रमांकांची लिस्ट द्यायची आणि त्याने त्या नोंदी डेटाबेसमधून पुसायच्या, एवढेच त्याचे काम. काही आठवड्यांनी एका सहकाऱ्याने विचारले की, एकाच नोंदीसाठी दर वेळी क्रमांकाभोवती चौकटी कंस कशाला घालायचे, नुसता क्रमांक दिला तर चालणार नाही का. मागणी रास्त वाटली. मी फंक्शनच्या सुरुवातीला एक तपासणी घातली: आलेली वस्तू पूर्णांक असेल तर तिची एका घटकाची लिस्ट करावी, नाहीतर ती लिस्टच आहे असे धरून चालावे. कित्येक महिने सगळे सुरळीत चालले. मग हेच फंक्शन कोणीतरी एका वेब फॉर्मला जोडले. फॉर्ममधून येणारी प्रत्येक गोष्ट मजकूर म्हणूनच येते. त्यामुळे ४१२७ हा क्रमांक पूर्णांक म्हणून न येता चार अक्षरांची स्ट्रिंग म्हणून आला. तो पूर्णांक नव्हता, म्हणून माझ्या तपासणीने त्याला हात लावला नाही. पुढच्या लूपने, म्हणजे घटक एकेक करून हाताळणाऱ्या कोडने, त्याला लिस्टसारखेच वागवले, आणि पायथॉनमध्ये स्ट्रिंगवर लूप चालवला की एकेक अक्षर हाती येते. चार, एक, दोन, सात. डेटाबेसने प्रत्येक अक्षराचा निमूटपणे पूर्णांक करून घेतला. परिणाम असा की, ४१२७ क्रमांकाची नोंद जागच्या जागी राहिली आणि १, २, ४ व ७ क्रमांकांच्या नोंदी, म्हणजे त्या सगळ्या व्यवस्थेतल्या अगदी पहिल्यावहिल्या नोंदी, पुसल्या गेल्या.

कुठेही एरर आली नाही. लॉगमध्ये ‘४ नोंदी काढल्या’ अशी ओळ होती आणि ती शब्दशः खरी होती. बिघाड लक्षात आला तो कोणीतरी जुनी नोंद शोधायला गेल्यावर. बॅकअपवरून चारही नोंदी परत आणता आल्या. पण त्या कशा गेल्या हे शोधण्यात आमचे दोन दिवस गेले, कारण ज्या फंक्शनवर कोणाचा संशय नव्हता तेच मी लिहिलेले, तपासलेले आणि महिनोन्महिने बिनचूक चाललेले फंक्शन होते. त्या एका ओळीने कॉल करणाऱ्याचे दोन कंस वाचवले होते.

यातला उघड दोषी म्हणजे स्ट्रिंग. ती एकाच वेळी एक मूल्यही असते आणि अक्षरांची मालिकाही असते. आपल्याला कोणत्या अर्थाने दिली आहे, हे फंक्शनला तिच्याकडे पाहून कळूच शकत नाही. भाषेतही असे शब्द असतातच. मराठीत ‘दगड’ हा शब्द दोन्ही वचनांत सारखा राहतो. ‘दगड पडला’ आणि ‘दगड पडले’ यांतला फरक क्रियापद सांगते. ‘गुरुजी आले’ या वाक्यात तर क्रियापदही हात टेकते, कारण आदरार्थी बहुवचन आणि खरे बहुवचन सारखेच दिसते, आणि ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो. फंक्शनपाशी असा संदर्भ नसतो. त्याच्यापुढे फक्त आलेली वस्तू असते.

पायथॉनमधून एस-क्यू-लाइट हा डेटाबेस वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने यातूनच निघणारी एक चूक कधी ना कधी केलेली असते, आणि मराठी वाचकाला ती अधिक बोलकी वाटेल. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, प्रश्नचिन्हाच्या जागी घालायची मूल्ये ‘एक्झिक्यूट’ या मेथडला मालिकेच्या रूपात द्यावी लागतात. एकच नाव द्यायचे असेल तर कंसात नाव लिहून पुढे स्वल्पविराम द्यावा लागतो, कारण पायथॉनमध्ये टपल कंसाने बनत नाही, स्वल्पविरामाने बनते. तो स्वल्पविराम राहिला की नुसती स्ट्रिंग उरते आणि ती अक्षरांची मालिका म्हणून स्वीकारली जाते. नाव ‘सीमा’ असेल तर एरर सांगते की क्वेरीला एक मूल्य हवे होते आणि चार दिली गेली. आपल्याला दिसतात दोन अक्षरे. पायथॉन मोजते स, दीर्घ ईची वेलांटी, म आणि काना. शिकणारा चक्रावतो: मी तर एकच नाव दिले, चार कुठून आली? पण याहून वाईट प्रकार दुसराच आहे. घाईघाईत चाचणी घेणारा माणूस नावाच्या जागी नुसते ‘अ’ लिहितो. स्वल्पविराम तेव्हाही राहिलेलाच असतो, पण एका अक्षराची स्ट्रिंग म्हणजे एका घटकाची मालिका, म्हणून कोड बिनबोभाट चालतो. चाचणी पास होते आणि चूक खऱ्या नावाची वाट पाहत बसते.

याच डेटाबेस-जोडणीच्या प्रमाणित नियमावलीत, म्हणजे पायथॉनच्या डीबी-एपीआय २.० मध्ये, आपल्या वादाचा निकाल लिहूनच ठेवलेला आहे. एकाच वेळी अनेक ओळी घालण्यासाठी ‘एक्झिक्यूट’ला टपलांची लिस्ट देता येते, पण ही पद्धत सोडून देण्याच्या यादीत टाकली आहे आणि त्याऐवजी ‘एक्झिक्यूटमेनी’ ही वेगळी मेथड वापरावी, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे एकच नाव दोन कामांसाठी वापरून पाहिले, आणि मग दोन कामांना दोन नावे दिली. वाचणाऱ्याला नावावरूनच कळते की इथे एक ओळ जाणार आहे की अनेक.

तथापि सगळा दोष स्ट्रिंगच्या माथी मारून सुटका होत नाही. स्ट्रिंगचा संबंधही नाही अशा ठिकाणी हाच घोटाळा होतो, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. आर ही संख्याशास्त्राची भाषा घ्या. तिच्यात ‘सॅम्पल’ नावाचे फंक्शन आहे. त्याला संख्यांचा संच दिला की ते त्यातून यादृच्छिक निवड करते. पण त्याच्या कर्त्यांनी आणखी एक सोय ठेवली: नुसती एक संख्या दिली, समजा १०, तर १ ते १० या संख्यांमधून निवड करायची. दोन्ही उपयोग वेगवेगळे पाहिले तर छानच आहेत. आता समजा, एका अभ्यासासाठी आपण काही क्रमांक गाळत आहोत आणि उरलेल्यांतून एक निवडायचा आहे. उरलेले १२, ३१ आणि ५८ असतील तर त्यांतलाच एक मिळेल. १२ आणि ५८ उरले तरी ठीक. पण गाळता गाळता एकटा ५८ उरला, तर फंक्शन त्याला संच न मानता संख्या मानते आणि १ ते ५८ यांतला कोणताही क्रमांक काढून देते. आपण जे कधीच दिले नाही, ते उत्तर म्हणून परत येते. आरच्या अधिकृत माहितीपत्रातच हा धोका नोंदवलेला आहे आणि तो टाळणारे छोटे फंक्शन उदाहरणादाखल दिलेले आहे. परंतु फंक्शनच्या रचनेत राहिलेली फट माहितीपत्राने बुजत नाही. माहितीपत्र वाचणारे मुळातच थोडे, आणि ज्याला ही अडचण येणार असते त्याला ती येणार आहे याची आधी कल्पना नसते.

या उदाहरणात कोड लिहिणाऱ्याचे काय चुकले? त्याने ‘अनेक’ द्यायचे ठरवले होते आणि अनेकच दिले. योगायोगाने त्या अनेकांत एकच उरला. ‘एक मूल्य’ आणि ‘एकच घटक असलेला संच’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत एकपणा लिहिणाऱ्याच्या मनात असतो, दुसरीत तो त्या दिवशीच्या डेटात असतो. फंक्शनने या दोहोंना एकाच तागडीत तोलले की, कोड न बदलता त्याचा अर्थ बदलतो.

मॅटलॅब या गणिती भाषेत ‘सम’ या बेरजेच्या फंक्शनला आडव्या-उभ्या तक्त्याची मॅट्रिक्स दिली की प्रत्येक स्तंभाची वेगळी बेरीज मिळते. नोंदींच्या शंभर ओळी असोत की दोन, उत्तर स्तंभागणिकच येते. ज्या दिवशी फक्त एक ओळ येते, त्या दिवशी मात्र ते फंक्शन त्या ओळीतले सगळे आकडे एकत्र मिळवून एकच संख्या हाती देते, कारण ज्या मितीची (ओळी किंवा स्तंभ यांपैकी ज्या दिशेची) लांबी एक आहे ती सोडून पुढच्या मितीवर बेरीज करायची, असा त्याचा नियम आहे. कोणत्या दिशेने बेरीज हवी ते दुसऱ्या आर्ग्युमेंटने (फंक्शनला दिलेल्या दुसऱ्या मूल्याने) सांगितले की हा प्रश्न उरत नाही. अनुभवी माणसे ते नेहमी सांगतात, आणि अनुभवी होण्याआधी एकदा तरी ठेच लागलेली असते. जावास्क्रिप्टमध्ये ‘ॲरे’ला (ॲरे म्हणजे क्रमाने मांडलेल्या मूल्यांची यादी) ३ आणि ४ दिले तर त्या दोन घटकांचा ॲरे बनतो, पण नुसते ३ दिले तर तीन रिकाम्या जागांचा ॲरे बनतो. ही विसंगती टाळण्यासाठी भाषेच्या २०१५ च्या प्रमाणित नियमावलीत ‘ॲरे-ऑफ’ हे नवे फंक्शन आणावे लागले, जे एक दिले तरी त्या एकाचाच ॲरे करते.

आतापर्यंत मी आत येणाऱ्या मूल्यांविषयी बोललो. बाहेर जाणाऱ्या उत्तराचा आकार संख्येवर अवलंबून ठेवणे त्याहून घातक आहे, कारण तो घोटाळा फंक्शनच्या आत न राहता ते वापरणाऱ्या प्रत्येकाच्या घरी जातो. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेल या आज्ञा-भाषेत एखाद्या फंक्शनने तीन फायली परत केल्या तर घेणाऱ्याला ॲरे मिळतो, आणि एकच फाइल सापडली तर ॲरेचे वेष्टन उतरून ती एकटी फाइल हाती पडते. मग ‘पहिला घटक’ मागितला तर कधी पहिली फाइल मिळते, आणि उत्तर जर स्ट्रिंग असेल तर तिचे पहिले अक्षर मिळते. जाणती माणसे म्हणून असे कॉल ॲरेच्या कंसात गुंडाळतात. पायथॉनच्या पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीत ओळीच्या लेबलने निवड केली की लेबल एकदाच आले असेल तर सीरीज (एकटी ओळ) मिळते आणि दोनदा आले असेल तर डेटाफ्रेम (तक्ता) मिळते. एका दुहेरी नोंदीने पुढचा सगळा कोड कोसळतो, आणि एरर दिसते ती भलत्याच ओळीवर.

एक्सएमएल या माहिती लिहिण्याच्या पद्धतीचे जेसन या दुसऱ्या पद्धतीत रूपांतर करणारी कितीतरी साधने असेच वागतात. मागणीपत्रात तीन वस्तू असतील तर वस्तूंचा ॲरे, एकच असेल तर नुसती वस्तू. नमुना पाहून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यापुढे जर तीन वस्तूंचे मागणीपत्र आले असेल तर तो लूप लिहितो. एका वस्तूचे आले असेल तर लूप लिहीतच नाही. दोघांचेही प्रोग्रॅम आपापल्या नमुन्यावर बरोबर चालतात.

वेब पत्त्यातून येणाऱ्या माहितीचेही तसेच. नोड या ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्यवस्थेच्या जुन्या ‘क्वेरीस्ट्रिंग’ मॉड्यूलमध्ये एखादे नाव पत्त्यात एकदा आले तर स्ट्रिंग मिळते आणि दोनदा आले तर ॲरे. इथे ‘एक की अनेक’ हे ठरवणारा तर डेटाही नव्हे, परका माणूस असतो. पत्त्याच्या पट्टीत तेच नाव पुन्हा टंकून तो आपल्या प्रोग्रॅममधल्या मूल्याचा टाइप (प्रकार) बदलू शकतो. स्ट्रिंग गृहीत धरून लिहिलेली सुरक्षा-तपासणी ॲरेवर कशी वागेल, याचा विचार लिहिणाऱ्याने केलेला असतोच असे नाही. याउलट पायथॉनचे ‘पार्स-क्यूएस’ नाव एकदाच आले तरी एका घटकाची लिस्टच देते. ब्राउझरमधल्या ‘यूआरएलसर्चपॅराम्स’ने तर ‘गेट’ आणि ‘गेटऑल’ अशी दोन फंक्शन्स ठेवली: पहिल्याने एक, दुसऱ्याने सगळी. डेटा कसाही असो, काय मिळणार ते कोड वाचूनच कळते. मला हवी असलेली शिस्त ती हीच.

प्रमाणित नियमावल्या लिहिणाऱ्यांनाही या सोयीचा मोह आवरलेला नाही. २०१५ च्या आरएफसी ७५१९ या इंटरनेट-नियमावलीने जेडब्ल्यूटी टोकनची (ओळख पटवणाऱ्या डिजिटल परवान्याची) रचना ठरवली. टोकन कोणासाठी आहे हे सांगणारा ‘ऑड’ हा भाग सर्वसाधारणपणे स्ट्रिंगांचा ॲरे असतो, पण टोकन स्वीकारणारा एकच असेल तर तो नुसती स्ट्रिंगही असू शकतो, अशी मुभा तिथे दिली आहे. त्यामुळे टोकन तपासणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये त्या दिवसापासून दोन वाटा लिहाव्या लागतात. लिहिणाऱ्याचे दोन कंस वाचले, आणि त्याची भरपाई जगभरच्या वाचणाऱ्यांनी करायची. त्यातही ‘हे नाव यात आहे का’ असे विचारणारा कोड पायथॉनमध्ये ॲरेवर अचूक सदस्य शोधतो आणि स्ट्रिंगवर मात्र अक्षरांचा तुकडा शोधतो. म्हणजे अपेक्षित नाव हे दुसऱ्या लांब नावाचा तुकडा असले तरी तपासणी पास होऊ शकते. जेसनची रचना कशी असावी हे सांगणाऱ्या जेसन-स्कीमाच्या लोकांनी अशी एक चूक सुधारलेली आहे. त्यांचा ‘आयटम्स’ हा शब्द पूर्वी एक स्कीमाही घेत असे आणि स्कीमांचा ॲरेही, आणि दोन्हींचे अर्थ निराळे होते. २०२०-१२ च्या आवृत्तीत ॲरेचा अर्थ काढून ‘प्रीफिक्सआयटम्स’ या नव्या शब्दाकडे दिला.

यावर कोणी म्हणेल की, पायथॉनच्या नंपाय या गणिती लायब्ररीत एका संख्येचा साइनही निघतो आणि दहा लाख संख्यांच्या ॲरेचाही, तेही एकाच फंक्शनने. मग ते चूक का? ते चूक नाही. तिथला नियम एकच आहे आणि त्याला अपवाद नाही: जसा आकार आत गेला, तसाच बाहेर आला. एक संख्या दिली तर एक संख्या, एका घटकाचा ॲरे दिला तर एका घटकाचाच ॲरे. ‘एकटी संख्या’ आणि ‘एका घटकाचा ॲरे’ यांची तिथे गल्लत होत नाही. ही विचारसरणी केनेथ आयव्हर्सन यांच्या एपीएल भाषेपासून चालत आली आहे. आयव्हर्सन यांना १९७९ साली ट्यूरिंग पुरस्कार मिळाला, आणि संपूर्ण ॲरे हीच एक वस्तू मानून गणित लिहिण्याची त्यांची रीत मला आजही अतिशय सुंदर वाटते. तरी त्या भाषेतही अवतरणचिन्हांत एकच अक्षर लिहिले तर ते एकटे मूल्य ठरते आणि दोन लिहिली तर मालिका. इतक्या काटेकोर घरातही हा चोर एका खिडकीतून शिरलाच.

आर्ग्युमेंट हवी तितकी घेणारी फंक्शन्स हा तिसरा मार्ग. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे निदान संख्या कोडमध्ये दिसते. अडचण येते ती आधीच हाती असलेला ॲरे द्यायचा झाला की. जावामध्ये २००४ पासून, म्हणजे जावा ५ पासून, ही सोय आहे. तिथे ‘ॲरेज-ॲजलिस्ट’ला साध्या पूर्णांकांचा ॲरे दिला तर त्या पूर्णांकांची लिस्ट न होता, तो अख्खा ॲरे हाच एकमेव घटक असलेली लिस्ट तयार होते.

‘एक की अनेक’ या वादात शून्याचा विसर पडतो, आणि माझ्या मते तिथेच सर्वांत मोठा धोका आहे. शोध घेणाऱ्या फंक्शनला विभागांची लिस्ट द्यायची, आणि काहीच दिले नाही तर सगळे विभाग धरायचे, असा रिवाज सगळीकडे दिसतो. आता वापरणाऱ्याच्या परवानगीनुसार ती लिस्ट तयार होत असेल आणि त्याला एकाही विभागाची परवानगी नसेल, तर रिकामी लिस्ट जाते. फंक्शनच्या आत ‘लिस्ट रिकामी असेल तर गाळणी लावू नये’ असे लिहिलेले असेल, तर ज्याला काहीही दिसता कामा नये त्याला सगळे काही दिसते. पायथॉनमध्ये तर रिकामी लिस्ट आणि ‘नन’ (‘काहीच नाही’ हे मूल्य) दोन्ही अटीत खोटी ठरतात, त्यामुळे ही चूक एका निष्पाप दिसणाऱ्या ‘इफ’मध्ये लपते. ‘दिलेच नाही’ आणि ‘शून्य दिले’ हे वेगळे अर्थ आहेत. फंक्शन एक, अनेक, नन आणि रिकामे असे सगळेच घेऊ लागले की हे चार अर्थ दोन वाटांत कोंबले जातात.

टाइप तपासणारी साधने यातून वाचवतील, असे सांगितले जाते. ते भाषेवर अवलंबून आहे. टाइपस्क्रिप्टमध्ये स्ट्रिंग आणि स्ट्रिंगांचा ॲरे या निःसंशय वेगळ्या गोष्टी आहेत, ॲरे ओळखण्याची खात्रीची रीत आहे, आणि म्हणून तिथे ‘एक किंवा अनेक’ घेणारे फंक्शन लिहिले तर मी डोक्यात राख घालणार नाही. पायथॉनमध्ये मात्र स्ट्रिंग ही स्वतःच ‘स्ट्रिंगांची मालिका’ या टाइपमध्ये बसते. कारण तिचे प्रत्येक अक्षर ही पुन्हा स्ट्रिंगच असते, आणि त्या अक्षराचे अक्षरही. मालिका हवी असे फंक्शनवर लिहून ठेवले आणि कोणी नुसती स्ट्रिंग दिली, तर तपासणीस साधन हरकत घेत नाही.

मी आता माझ्या लायब्रऱ्यांत फंक्शनला नेहमी लिस्टच मागतो. एकासाठी खरोखर वारंवार कॉल होत असेल तर दुसऱ्या नावाचे छोटे फंक्शन देतो, जे आत त्या एकाची लिस्ट करून मोठ्या फंक्शनला सोपवते. नोंदी पुसणाऱ्या त्या फंक्शनचेही तसेच केले: ‘नोंद काढा’ एक क्रमांक घेते, ‘नोंदी काढा’ क्रमांकांची लिस्ट घेते आणि स्ट्रिंग आली तर तिथेच एरर देते. जुन्या वापरकर्त्यांसाठी दोन्ही घेणे टाळताच येत नसेल, तर ती तपासणी दारातच, एकदाच आणि स्ट्रिंगपासून सुरू करतो. दारातून आत गेल्यावर सगळीकडे लिस्टच. उत्तराचा आकार मात्र कोणत्याही सबबीवर घटकांच्या संख्येवरून ठरू देत नाही. चाचण्या शून्य, एक आणि दोन घटकांवर घेतो, आणि शिवाय एक अशी जिच्यात मुद्दाम नुसती, बरीच लांब स्ट्रिंग देतो.

कॉल करणाऱ्याला दोन कंस जास्त टंकावे लागतात, ही तक्रार मला अजूनही ऐकावी लागते. ती खरी आहे. पण ते कंस वायफळ नाहीत. ‘मी अनेक देत आहे, सध्या त्यांत एकच आहे’ हे वाक्य ते दोन कंस बोलतात, आणि सहा महिन्यांनी तो कोड वाचणाऱ्या माणसाला, जो बहुधा मीच असतो, ते ऐकू येते.

सदराच्या लेखकाला माझी विनंती एवढीच आहे की, पुढच्या भागात सरासरीचे ते फंक्शन फक्त लिस्ट घेणारे करून पुन्हा छापावे. एका संख्येची सरासरी ती संख्याच, म्हणून एक संख्या स्वीकारण्यात काय बिघडले, असे वाचक विचारतील; तेव्हा त्यांना त्या आधीच्या फंक्शनला ‘४५’ ही संख्या स्ट्रिंग म्हणून आणि नंतर एक रिकामी लिस्ट देऊन पाहायला सांगावे. लिस्ट ओळखण्याची तपासणी कशी लिहिली आहे त्यानुसार स्ट्रिंगचे उत्तर कुठे ४५ येईल, कुठे साडेचार येईल आणि कुठे एरर येईल. रिकाम्या लिस्टला काय उत्तर द्यायचे, हे तर लेखात ठरवायचेच राहून गेले आहे, आणि ते वाचकांसमोर ठरवले गेले तर मला त्यातून बरेच शिकता येईल.

आपला नम्र,
पुरवणीचा एक नियमित वाचक
(व्यवसायाने प्रोग्रॅमर)